उसना तास

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास कुठे ठेवलाय, यावरून त्या शाळेचं एकंदर आयुष्याबद्दलचं मत समजतं. कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत तो शुक्रवारी शेवटचा असायचा. आठवडाभराचं शहाणपण डोक्यावर घेऊन मुलं पेंगुळलेली, खिडकीतून आलेलं तिरपं ऊन बाकांवर सांडलेलं, आणि मी फळ्यावर पांढऱ्या खडूने तांब्याचा काठ काढत उभा. नेमके त्याच वेळी गणिताचे सर दारात यायचे. "सर, तेवढा तास देता काय? पोर्शन राहिलाय." मागणं इतकं नम्र असायचं, की नाही म्हणणारा माणूस मुलांच्या दहावीच्या आड आल्यासारखा दिसला असता. मी खडू खाली ठेवायचो. सर डस्टर फिरवायचे आणि बघता बघता माझा तांब्या पुसला जायचा. पण फळ्याच्या कोपऱ्यात मी हात मोकळा व्हावा म्हणून काढलेलं वर्तुळ ते तेवढं राखून ठेवत. त्याच वर्तुळाला ते स्पर्शिका काढत आणि ती त्रिज्येशी काटकोन कसा करते हे सिद्ध करून दाखवत. जाता जाता मी वळून बघायचो. कंपासशिवाय काढलेलं आपलं वर्तुळ भूमितीच्या कसोटीला उतरलं, याचा एक छुपा आनंद असायचा. घेतलेला तास परत कधी मिळाला नाही, आणि मीही तो कधी मागितला नाही.

निवृत्त झाल्यावर आपल्याकडे तास मागायला कुणी येत नाही. हे निवृत्तीतलं पहिलं सुख, आणि दुपारचे चार वाजले की पहिलं दुःखही तेच. त्यामुळे भाचीने पुण्याहून फोन करून "मामा, मला चित्र काढायला शिकवाल काय?" असं विचारलं, तेव्हा मी जरा सावधच झालो. ही पोर कॉम्प्युटर इंजिनिअर. हिंजवडीत बसून ती कसलंसं अॅप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी लिहिते. शाळेत असताना तिने एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, चांगली श्रेणीही आणली होती; पण इंटरमिजिएटच्या वर्षी क्लासची बॅच आडवी आली आणि तिची रंगपेटी माळ्यावर गेली. आता तिला नोकरी सोडून पुन्हा शिकायचं होतं, आणि तेही अशी पदव्युत्तर पदवी, जिच्यात निम्मं संगणकशास्त्र आणि निम्मं औद्योगिक डिझाइन. म्हणजे पडद्याच्या आत काय चालतं हेही कळलं पाहिजे, आणि पडदा ज्या वस्तूला लावलाय ती हातात कशी बसते हेही.

घरात यावर जी चर्चा झाली ती कुठल्याही घरात झाली असती. तिचे काका म्हणाले, "एमबीए कर की. दोन्हीच्या डोक्यावर बसशील." माझी ताई, म्हणजे तिची आई, हिशेबाची पक्की. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे चालू पगार सोडून वही-पेन्सिल घ्यायची?" एका आत्याला वेगळीच काळजी. स्थळाच्या बायोडाटात शिक्षणापुढे 'एम.डेस.' लिहिलं तर समोरच्या घरी त्याचा अर्थ कोण सांगत बसणार? मी गप्प होतो. माझ्या मनात दारात उभे राहिलेले गणिताचे सर येत होते. या खेपेला त्यांच्या हातात डस्टर नव्हतं.

या पदव्यांचा शोध घ्यायला भाची बसली आणि शेजारी खुर्ची ओढून मीही बसलो. सगळ्यात जवळची पवईला. आयआयटी मुंबईत १९६९ साली 'इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर' सुरू झालं. सगळे त्याला आयडीसी म्हणतात. पोलाद, रसायनं आणि समीकरणं यांच्या त्या गावात एक घर रेषेचं. ते उभं करणाऱ्यांत सुधाकर नाडकर्णी होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून निघून ते जर्मनीतल्या उल्मच्या प्रख्यात डिझाइन विद्यालयात शिकून आले होते. आज तिथे वस्तूंचं डिझाइन शिकवतात, वाहनांचं शिकवतात, आणि माणूस व यंत्र यांच्यात जी देवाणघेवाण चालते तिचंही शिकवतात. या शेवटच्या शाखेला 'इंटरॅक्शन डिझाइन' म्हणतात, आणि भाचीची नजर तिच्यावर होती. लंडनला इम्पीरियल कॉलेज आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्ट १९८० पासून मिळून एक अभ्यासक्रम चालवतात. विद्यार्थी एका संस्थेत अभियंता असतो आणि दुसऱ्या संस्थेत कलाकार. अमेरिकेत अटलांटाला जॉर्जिया टेकमध्ये तर एकाच पदवीला चार विभाग धनी आहेत. संगणनवाले, औद्योगिक डिझाइनवाले, मानसशास्त्रवाले, आणि चौथे साहित्य-माध्यमवाले. भावकीतल्या सामाईक विहिरीसारखा हा प्रकार असणार असं मला वाटलं. पाणी चौघांचं, पण मोटर कुणाच्या मीटरवर, हे अर्ज करणाऱ्याला आधी ठरवावं लागतं. कुठल्या विभागाच्या वाटेने आत यायचं ते अर्जातच सांगायचं असतं. भाची संगणनाच्या रकान्यावर थांबली, औद्योगिक डिझाइनच्या रकान्यावर गेली, परत आली. जन्मतारीख आणि वडिलांचं नाव एवढंच विचारणाऱ्या अर्जांची सवय असलेल्या माणसाला, आपण नक्की कोण आहोत हे विचारणारा अर्ज जड जातो.

पवईचा रस्ता 'सीड' नावाच्या प्रवेशपरीक्षेतून जातो, आणि या परीक्षेवर माझा जीव जडला. तीन तासांची परीक्षा. पहिला तास संगणकासमोर; आकृत्या, आकडे, तर्क, आणि उत्तरं माउसने टिपायची. पुढचे दोन तास गंमतीचे. प्रश्न पडद्यावर दिसतो, पण उत्तर समोरच्या कागदी वहीत हाताने काढायचं. पेन्सिली, खोडरबर आणि कोरडे रंग उमेदवाराने घरून आणायचे. त्या खोलीचं चित्र माझ्यापुढे उभं राहतं. रांगेने लावलेले संगणक, त्यांच्या निळसर उजेडात मान खाली घालून पेन्सिलीला टोक करणारी पंचविशीतली मुलं, आणि कीबोर्डच्या फटींत शिरणारा पेन्सिलीचा भुगा. यंत्र विचारतंय आणि हात उत्तर देतोय. अंतिम गुणांत त्या पहिल्या तासाला पंचवीस टक्के वजन आणि हाताने काढलेल्या भागाला पंचाहत्तर, हे भाचीने वाचून दाखवलं तेव्हा मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. ऐकू आलं होतं, तरीही. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हा आकडा मोठ्या अक्षरांत लावायला हवा होता.

त्याच माहितीपत्रकात आणखी एक ओळ होती. परीक्षेला वयाची अट नाही आणि कितीही वेळा बसता येतं. ताईला ही ओळ मुळीच आवडली नाही. "म्हणजे संपायचंच नाही की हे," ती म्हणाली. ज्या परीक्षेला शेवट नाही तिच्यावर आया विश्वास ठेवत नाहीत.

मग दर शनिवार-रविवारी भाची कोल्हापूरला येऊ लागली आणि आमचा वर्ग भरू लागला. मी नेहमीप्रमाणे सुरुवात तांब्यापासून केली. स्टुलावर तांब्या, शेजारी एक कांदा, मागे गडद कापड. एलिमेंटरीच्या वस्तुचित्राची ही मांडणी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी काढली आहे. तांब्याचं तोंड काढताना शंभरातली नव्वद मुलं तेच करतात. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना ती चक्क कोपरे काढतात, आणि तांब्या जमिनीवर टेकलेला असतो म्हणून त्याचं बूड सरळ रेघेने संपवतात. बूड सपाट आहे हे त्यांना ठाऊक असतं. डोळ्याला ते गोलसर दिसतंय, पण डोळ्याचं कोण ऐकतो? इंजिनिअर झालेल्या भाचीनेही तेच केलं. वर विचारलं, "मामा, हा काठ किती अंशांनी चपटा करायचा?" मी म्हटलं, हात लांब कर, पेन्सिल आडवी धर, एक डोळा मीट, आणि अंगठ्याने माप घे. कागदाकडे कमी बघ आणि तांब्याकडे जास्त. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आमच्याकडे याला युजर रिसर्च म्हणतात. त्यासाठी सल्लागार बोलावतात." त्या सल्लागाराचा तासाचा दर काय असतो हे मी विचारलं नाही. काही आकडे निवृत्तिवेतनधारकाने ऐकू नयेत.

याच तांब्याची एक गोष्ट तिने मला सांगितली. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडलं, आणि डिझाइनच्या शिक्षणासाठी देशाने काय करावं याचा अहवाल त्यांनी लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आली. साऱ्या भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी या दोघांचा जीव कशावर जडला असेल, तर तांब्यावर. तो डोक्यावर आणि कमरेवर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कुठे असतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासताना हात जातो का, आत गरम काही असलं तर हातात धरता येतो का, त्याची किंमत किती, असल्या प्रश्नांची मालिकाच त्यांनी मांडली. मी आयुष्यभर तो तांब्या स्टुलावर ठेवला आणि मुलांना त्याची सावली कुठे पडलीय ते विचारलं. तो कमरेवर कसा बसतो हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण वर्गात तो कुणाच्याच कमरेवर नव्हता. वस्तू स्टुलावर ठेवली की तिचं चित्र होतं. तिच्यामागे एखाद्या बाईला विहिरीपासून घरापर्यंत चालवत आणलं, की त्याचं डिझाइन होतं. माझी सगळी नोकरी या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत गेली.

संगणक आणि वस्तू यांचं लग्न जिथे जमलं असं भाची म्हणते, ती गोष्ट एका बिजागरीची आहे. बिल मॉग्रिज नावाच्या इंग्रज डिझायनरने 'ग्रिड कंपास' या संगणकाचं बाह्यरूप घडवलं. १९८२ मध्ये तो बाजारात आला. आज मांडीवरचा प्रत्येक संगणक वहीसारखा मिटतो, तसा मिटणारा तो अगदी सुरुवातीच्या संगणकांतला. पुढे तो अवकाशयानातूनही फिरून आला. मॉग्रिजने झाकण, बिजागरी, कडा, सगळ्यावर मन लावून काम केलं होतं. मग चालू अवस्थेतला नमुना घरी आणून तो वापरायला बसला, आणि थोड्याच वेळात आपली ती लाडकी बिजागरी साफ विसरून गेला. त्याचं लक्ष पडद्यातच बुडालं होतं. तिथे जे काही घडत होतं ते सोयीचं आहे की जाचक, यावरच सगळं सुख-दुःख ठरत होतं, आणि ते घडवण्यात त्याचा हात नव्हता. देवळाचा कळस घडवणाऱ्याने पहिल्यांदा गाभाऱ्यात यावं आणि आत मूर्ती कुणी बसवली हे विचारावं, तसं काहीसं त्याचं झालं असावं. पुढे तो त्याच वाटेने गेला, आणि त्याच्यामागून या पदव्यांची वाट पडली.

कोल्हापूरच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडे कला आणि यंत्र एकाच गल्लीत राहत आली आहेत. बाबूराव पेंटर मूळचे मिस्त्री. घरात सुतारकाम, मूर्तिकाम, रंगकाम असं सगळंच. सिनेमा काढायचा ठरल्यावर त्यांनी कॅमेराही आपल्या मंडळींच्या हातांनी घडवला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. नाटकांचे पडदे रंगवणारा हात आणि कॅमेऱ्याचे दाते घासणारा हात, दोन्ही एकाच घरातले. उद्यमनगरात आजही एखादा कारागीर लेथवर भाग कातून झाला की तो उजेडात धरून फिरवून बघतो. माप बरोबर आहे हे त्याला कॅलिपरने सांगितलेलं असतं. तरीही तो बघतो. का बघतोस विचारलं तर म्हणेल, "चांगला दिसतोय काय ते बघाय नको?" या माणसाने कुठे अर्ज केलेला नाही आणि त्याला कुणी उद्देश विचारलेला नाही. मधल्या काळात आम्ही शाळा काढल्या, वेळापत्रकं लावली, आणि एकाच माणसाचे दोन हात वेगवेगळ्या तासांना बसवले. आता ते पुन्हा एका बाकावर यावेत म्हणून पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं, शुल्क भरावं लागतं, आणि आत्याला समजवावं लागतं.

भाचीला द्यायला माझ्याकडेही एक गोष्ट निघाली. शिक्षक म्हटला की निवडणुकीची ड्यूटी आलीच. कंट्रोल युनिटसमोर बसून मीही मतदार येईल तसं 'बॅलट'चं बटण दाबत आलो आहे. ते दाबलं की माझ्यापुढे लाल दिवा लागायचा आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदाराच्या यंत्रावर हिरवा. मग शांतता. आत काय चाललंय ते मला दिसायचं नाही. फक्त पायांच्या हालचाली, बांगड्यांचा किणकिणाट, कधी एक लांब श्वास. आणि मग तो लांबलचक 'पीं'. कितीतरी म्हाताऱ्या बाया तो आवाज ऐकल्यावरच बाहेर यायच्या, आणि काहीतरी पार पाडल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असायचा. त्या यंत्रात काय काय नाही, हे मला तिथे बसून बसून कळत गेलं. पुढचा-मागचा पडदा नाही, 'ओके' नाही, 'कॅन्सल' नाही. नाव, चिन्ह, दिवा आणि निळं बटण, सगळं एका ओळीत. वाचता न येणाऱ्या माणसाचं बोट चिन्हावरून सरळ उजवीकडे सरकलं की बटणावर पोचतं. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सगळ्या देशाने हीच यंत्रं वापरली. एवढ्या लोकांना, एवढ्या भाषांत, एकच वस्तू शिकवणी न लावता वापरता आली. मी हे सांगत होतो तोवर भाची हसायला लागली. त्या यंत्राचं औद्योगिक डिझाइन पवईच्या त्याच आयडीसीतल्या प्राध्यापकांचं, ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचं. म्हणजे मी ज्या पेटीच्या शेजारी दिवसभर बसून घरच्या डब्यातली चपाती-भाजी खाल्ली होती, तीच तिच्या अर्जाचं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण होती. मी ते निदान आत्यापुरतं तरी वापरलं. "ते मतदानाचं मशीन आहे ना, ते करायला शिकवतात," असं सांगितल्यावर आत्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सरकारी आहे."

पवईच्या त्या घराचं माझ्याशी आणखी एक नातं निघालं, अक्षराचं. र. कृ. जोशी तिथे शिकवत असत. जाहिरातक्षेत्रात मुरलेले हे सुलेखनकार आणि कवी पुढे संगणकाकडे वळले, आणि आज सरकारी कचेऱ्यांतल्या संगणकांवर ज्या 'मंगल' टंकात अर्ज-विनंत्या उमटतात तो त्यांनी घडवला. मी बोरू तासून मुलांना देवनागरीचं वळण शिकवलं. त्यांनी तेच वळण यंत्राला शिकवलं. यंत्र शिकलं आणि माझे निम्मे विद्यार्थी नाही शिकले, याचं मला वाईट वाटत नाही. यंत्राला कुणी मध्येच उठवून गणिताला बसवलं नसेल. ताईच्या फोनवर असलेला 'स्वरचक्र' कीबोर्डही पवईचाच. 'क'वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु असं सगळं कुटुंब गोलाकार उभं राहतं, आणि हवं त्याच्याकडे बोट सरकवायचं. ताई बाराखडी पाटीवर शिकली आहे, त्यामुळे तिला तो कुणी शिकवावा लागला नाही. तिच्या मते तो फोनसोबतच आला होता. चांगल्या डिझाइनचं हेच दुर्दैव आहे. ते केलेलं आहे, हेच कुणाच्या लक्षात येत नाही. वाईट डिझाइनची मात्र रोज आठवण निघते, बहुधा आई-बहिणीवरून.

राहिलं उद्देशपत्र आणि पोर्टफोलिओ. परदेशातल्या अर्जांना उद्देशपत्र लागतं. आपल्याला हेच का शिकायचंय, ते पान-दोन पानांत पटवून द्यायचं. भाचीचा पहिला मसुदा वाचला तेव्हा मला शाळेतले 'मी पंतप्रधान झालो तर' हे निबंध आठवले. लहानपणापासूनच तिला तंत्रज्ञान व सर्जनशीलता यांच्या संगमाची ओढ होती, असं पहिल्याच वाक्यात होतं. मी तिला लहानपणापासून ओळखतो. तिला ओढ होती ती कैऱ्यांची आणि दुसऱ्यांच्या सायकलींची. पोर्टफोलिओही असाच चकचकीत होता. कंपनीतल्या कामाचे पडदे, रंगांच्या पट्ट्या, बाण, चौकोन. सगळं नीटनेटकं. माणूस मात्र कुठेच नव्हता.

माणूस सापडला ताईच्या मोरीजवळ. कपडे धुण्याच्या मशीनची गोल कळ, तिच्याभोवती चौदा नावं, सगळी इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरांत. त्यातल्या एका नावावर ताईने लाल मखमली टिकली चिकटवली होती. रोजचे कपडे. थोडं पुढे एक हिरवी टिकली. चादरी आणि पडदे. पावडरच्या खणाला तीन कप्पे, त्यातल्या मधल्यावर आणखी एक लाल, म्हणजे लालला लाल. कळीच्या दांड्यावर नेलपॉलिशची रेघ होती, कारण कळीची खूण मुळात करड्यावर करडी, आणि मोरीत दिवसाही अंधार. बाकीच्या बारा नावांना टिकली नव्हती. ती ताईच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्या टिकल्या बघत होतो. भाचीला तर कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या की त्यांची लाज वाटायची. एकदा तिने त्या खरवडून काढल्या होत्या आणि त्या आठवड्यात घरातले दोन स्वेटर बाहुलीच्या मापाचे झाले होते. आता ती मशीनसमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि वहीत काढायला लागली. कळ, खण, टिकली, आणि टिकलीकडे जाणारा आईचा हात. तो हात काढताना तिने एकदाही अंश विचारले नाहीत. तर्जनीवरची सुरीने चिरल्याची जुनी खूणसुद्धा आली. मी शिक्षक म्हणून एवढंच केलं की मध्ये बोललो नाही.

ताईला हे कळलं तेव्हा ती संतापली. "अगं, इंजिनिअर झालीस आणि लंडन-अमेरिकेच्या लोकांना माझी टिकली दाखवतेस? अडाणी समजतील मला." भाची तिला समजवत राहिली की आई, अडाणी मशीन ठरतंय, तू नाही, तू त्याला सुधारलंस. ताईला हे पटल्यासारखं दिसलं नाही. कौतुकाचा संशय घ्यायची तिची जुनी सवय. ती चहा टाकायला गेली, आधण ठेवलं, आणि तिथूनच म्हणाली, "पण मला एक सांग. ही चौदा कामं मशीनला लावली, ती कुणाला विचारून लावली?"

आम्ही दोघं काहीच बोललो नाही. पदवीत दोन वर्षं जे शिकवतात त्यातलं बरंचसं या प्रश्नात असावं, असा मला संशय आहे. भाचीने लॅपटॉप उघडला, संगमाची ओढ असलेलं पहिलं वाक्य पुसलं, आणि त्या जागी आईचा प्रश्न लिहिला. मग मोठ्याने वाचून दाखवला. ताई कप घेऊन आली, पडद्याकडे चष्म्यातून बघितलं, आणि बऱ्याच विचारांती परवानगी दिली, एका अटीवर.

"ती टिकली जुनी होती, असं लिही," ती म्हणाली. "नव्या पाकिटातली वाया घालवली असं वाटायला नको."